राठोड सरांच्या गाडीचं औषध

आमची शाळा मुकुटबनच्याही पुढे, जंगलाला लागून. एसटी येते, पण स्वतःच्या मर्जीने. म्हणून वणीहून आम्ही चौघं एकाच गाडीने जातो-येतो: गाडीचे मालक राठोड सर, ठाकरे मॅडम, आत्राम सर आणि मी. चार शिक्षकांना रोज सकाळ-संध्याकाळ एका गाडीत कोंबलं की किस्से आपोआप साचतात. कोणी लिहून ठेवत नाही, तरी विसरायला होत नाही. आमचे बहुतेक किस्से त्या गाडीच्या इंजिनाचेच आहेत. हसत सांगावेत असे त्यातले थोडे.

गाडी तशी नवीच. राठोड सरांच्या मुलाची, निलेशची. पुण्यात नोकरी लागल्यावर त्याने ती घेतली, दिवाळीला वणीला आणली, आईला पुढच्या सीटवर बसवून तांड्यावर फिरवून आणली. परत निघायच्या आदल्या दिवशी तापाने पडला आणि आठवड्याच्या आत गेला. गाडी इथेच राहिली, ताडपत्रीखाली.

* * *

उन्हाळ्याच्या तोंडाशी सरांनी ताडपत्री काढली आणि सलीमभाईंना बोलावलं. वणीत आमच्या सगळ्यांच्या गाड्या सलीमभाईच बघतात. त्यांनीच हे नंतर आम्हाला सांगितलं.

बॅटरी बदलली, हवा भरली. मग सलीमभाई नळी घेऊन टाकीपाशी बसले. इतके महिने पडून राहिलेलं पेट्रोल खराब झालं असणार, ते काढून ताजं भरायचं, एवढं साधं काम. सरांनी टाकीच्या झाकणावर हात ठेवला.

"निलेशनं पुण्याले जायले फुल केली होती टाकी," सर म्हणाले. "राहू द्या ते."

सलीमभाईंनी नळी गुंडाळून पिशवीत टाकली. म्हणाले, मग आधी थोडं चालवू आणि वरून ताजं टाकत जाऊ, फक्त टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. तेव्हापासून त्या गाडीचा काटा अर्ध्याच्या खाली गेलेला आम्ही पाहिला नाही.

* * *

पेट्रोल जपायचं म्हटल्यावर बाटली आली. आमच्याकडे बाटलीतून जे काही ओततात त्याला सरसकट औषधच म्हणतात, मग ते कपाशीवर मारायचं असो की गाडीत टाकायचं. पंपावरच्या माणसाने सरांना सांगितलं, आजकाल पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी धरतं, हे टाकलं की पेट्रोल टिकतं. झालं! दर वेळी पेट्रोल आणि मागोमाग बाटली. सलीमभाई समजावून थकले की इतक्या नव्या गाडीला हे काही लागत नाही, वेळेवर ऑइल बदला, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेवढं करा, इंजिन तुमच्याहून जास्त जगेल. हे शेवटचं बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली.

एकदा आत्राम सरांनी बाटली हातात घेऊन चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचली.

"सर, हे जुन्या इंजिनासाठी हाय. आपली तं नवी हाय."

"जुनी होऊ द्याची हाय मले, आत्राम सर."

त्यानंतर बाटलीवर काय लिहिलंय ते गाडीत कोणी वाचलं नाही.

* * *

सकाळी निघण्याआधी सर गाडी नुसती चालू ठेवून उभे राहायचे. इंजिन गरम झाल्याशिवाय गिअर नाही. ठाकरे मॅडमचा स्वभाव घाईचा. त्या एक दिवस म्हणाल्या की तेवढ्या वेळात माझ्या दोन पोळ्या झाल्या असत्या. सरांनी ते मनावर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी लवकर येऊन मॅडमच्या फाटकाबाहेर गाडी चालू करून ठेवली, म्हणजे त्यांच्या पोळ्या बुडायला नकोत. मॅडम ओशाळल्या. आता त्या स्वतःच बाहेर येऊन बॉनेटवर हात ठेवून बघतात आणि गरम लागलं की मग आत बसतात.

* * *

एका सोमवारी अर्ध्या वाटेत सरांचं लक्ष काट्याकडे गेलं. बरोबर अर्ध्यावर. पुढे एकच पंप, तोही बंद. अर्ध्या टाकीत शाळेला दोनदा जाऊन परत आलो असतो, पण सरांनी गाडी वळवली, वणीला आणली, टाकी भरली आणि मग आम्ही शाळेत पोचलो. प्रार्थना कधीच संपली होती. मुख्याध्यापकांनी दारातच गाठलं, गाडीला काय झालं म्हणून.

"काई झालं नाही पाह्यजे, म्हणून उशीर झाला," आत्राम सर म्हणाले आणि सही करायला आत गेले.

* * *

मी विज्ञान शिकवतो, आणि विज्ञानवाल्यांना बोलायची खाज असते. एका संध्याकाळी परतताना मी सरांना समजावलं. अर्धी टाकी संपते, तुम्ही अर्धी भरता, म्हणजे आधीचं होतं त्याचं निम्मं उरतं. पुढच्या वेळी त्याचं निम्मं. इतके महिने झाले. आता निलेशचं असं त्यात काय उरलं असेल?

मागून मॅडमनी माझ्या खांद्यावर बोट टोचलं, पण तोवर बोलून झालं होतं.

सरांनी गिअर बदलला. ते गणित शिकवतात, हे मी विसरलोच होतो.

"निम्म्याचं निम्मं करत गेलं तं शून्य येते काय कधी?"

"नाही येत, सर."

"मंग चालू द्या," सर म्हणाले.

मला रडू आलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

* * *

आणि मग हा दिवस आला. राठोड सरांना शाळेत परीक्षेचं काम होतं, म्हणून पेट्रोल भरायला गाडी आत्राम सरांनी वणीला नेली. पंपावरच्या नव्या माणसाने त्या गाडीत डिझेल भरलं. थोडं अंतर गेली, धूर सोडला आणि बंद पडली. ढकलत सलीमभाईंकडे नेली. असं झालं की काही इलाज नसतो, टाकीतलं होतं नव्हतं सगळं काढावंच लागतं.

आत्राम सर एसटीने शाळेत परत आले आणि व्हरांड्यात त्यांनी राठोड सरांना गाठलं. म्हणाले, "सर, माह्याच्यानं झालं."

सरांनी आधी विचारलं, "तुमाले काई लागलं तं नाही?"

आम्ही चौघंही एसटीने वणीला, गॅरेजवर गेलो. सलीमभाईंनी टाकी गाडीखालून पूर्ण उतरवली होती, आतून धुतली होती, फडक्याने पुसली होती. भिंतीवर ती उन्हात उपडी ठेवली होती, झाकण उघडं. मला दिसत होती, मॅडमना दिसत होती. राठोड सर तिच्या अगदी समोर उभे होते.

सलीमभाई हात पुसत आले. त्यांनी सरांकडे बघितलं नाही.

"सर, टाकी पूरी रिकामी नाही होत कधी. तळाले राह्यलं हाय थोडं."

सरांनी उपड्या टाकीकडे बघितलं. मग सलीमभाईंकडे.

"तेवढंच लागते," सर म्हणाले. "भरा आता."