गुण गेला कशानं

आक्काबाई जखमेवर कोणता पाला लावायची, हे मी इथं लिहिणार नाही. उगाच तिचा तळतळाट कशाला घ्या! पाल्याचं नाव तोंडातून गेलं की त्याचा गुण जातो, अशी तिची पक्की समजूत. भंडारदऱ्याकडच्या वाड्यांमधून माणसं तिच्याकडे यायची. आणि बाहत्तरच्या दिवाळीत तिचा भाचा गोरक्षनाथ, संगमनेरच्या कॉलेजात जंतूंवर प्रयोग करणारा, गोड बोलून तेच नाव तिच्याकडून काढून घेऊन गेला.

पुढं दुष्काळी कामावर खडी फोडताना तिच्या सुनेच्या, मालनच्या पायाला जबर लागलं. पाला लावला तरी पाय सुजतच चालला. आक्काबाईच्या जिवाची नुसती घालमेल. झाडलेलं अंगण पुन्हा झाडी, भाकरी तव्यावर टाकून दाराशी येई.

"नाव सांगितलं, तितंच गुण गेला. आवसंला देवीला कोंबडं देऊन गुण परत मागून घेते. तवर दवाखाना न्हाई."

अमावस्या लांब होती आणि पाय घोट्यापर्यंत लाल झाला होता. अशा हट्टाला काय म्हणावं! खबर मिळताच आलेल्या गोरक्षनाथनं नाना परींनी समजावलं. शेवटी जखमेतला पू आणि पाल्याचा ताजा रस घेऊन तो गेला, आणि दोन दिवसांनी काचेच्या दोन बंद बश्या घेऊन आला.

"आत्या, दोन्हीत रस तुझाच. ह्या बशीत कॉलेजातले जंतू. रसाभोवतीचे सगळे मेले, बघ. गुण गेला असता तर मेले असते का? ह्या दुसरीत मालनच्या पायातले. त्यांना काहीच झालं नाही."

"मंजी नाव सांगून काय बिघडलं न्हाई?"

"नाही. ह्या जंतूंवर तुझा पाला चालतच नाही. पहिल्यापासून."

आक्काबाईला हायसं वाटलं. तिनं लगेच रस्त्यानं जाणारी एक जीप थांबवली आणि मालनला अकोले तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. इंजेक्शन झालं, पाय वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. येताना मात्र आक्काबाईला एका जागी बसवेना.

"गोरख्या, मागं पाला लावूनबी आपल्या वाडीतल्या साळूबाईचं बोट गेलं. समद्या वाडीम्होरं म्या तिला म्हनले, तूच पथ्य मोडलंस. सासूनं लई छळलं तिला त्यापायी."

वाडी आल्यावर मालनला गोरक्षनाथच्या हवाली करून आक्काबाई तडक साळूबाईच्या दारात गेली.

"साळू, पथ्य तू मोडलं नव्हतंस गं."

साळूबाई नाचणी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"मी तवाच सांगत हुते, आक्का."