चुलीपाशी येणारं नेट

पोराने पुण्याला जाताना आपला जुना लॅपटॉप माझ्याकडे ठेवला आणि इंटरनेटची तार घरात आणून त्याला जोडून दिली. "आई, रोज व्हिडिओवर बोलू," म्हणाला. महिनाभर बोललाही. मग दिवसाआड, मग रविवारी, आणि तेही "तब्येत बरी ना? ठेवतो." ठेव बाप्पा, मी काय तुला धरून ठेवलंय!

आमच्या गावात तेव्हा मोबाइलला रेंज नावालाच होती. लोक तलावाच्या पाळीवर चढून हॅलो-हॅलो ओरडायचे. लॅपटॉपवर हॉटस्पॉट चालू केला की तारेतलं नेट आजूबाजूच्या फोनला मिळतं, हे पोरानेच शिकवून ठेवलं होतं. शेजारी नवी सून आली होती, लाखांदूरकडची. माहेरी धड बोलता येत नाही म्हणून तोंड एवढंसं करून फिरायची. मीच तिला बोलावलं. तिच्यामागून आणखी दोघी-तिघी आल्या. धानाच्या रोवणीवरून परतल्या, हातपाय धुतले, की माझ्या ओसरीवर येऊन बसायच्या, माना फोनमध्ये घालून.

ओसरी भरलेली आणि मी आत एकटी. कोणी मान वर करून "काकू, जेवल्या का जी?" म्हणेल तर शपथ. असा राग आला मला! फुकटचं नेट, वर माझीच सतरंजी. एका संध्याकाळी लॅपटॉप तारेसकट ओसरीकडच्या खिडकीतून उचलला आणि स्वयंपाकघरात तांदळाच्या कोठीवर नेऊन ठेवला. मध्ये दोन जाड मातीच्या भिंती. ओसरीवर नेट पोचेचना.

"काकू, नेट काहून बंद करून राहिल्या जी?"

"बंद कुठं? चुलीपाशी येऊन राहिलं. या आत."

आल्या. आता चुलीपाशी चहा उकळत असताना कोणी किती वेळ फोन बघेल? शेजारची सून तिचा फोन माझ्याकडे वळवून धरायची आणि तिची आई पलीकडून विचारायची, "आज काय रांधलं जी ताई?" मी रंगवून रंगवून सांगायची. सांगायला काही असावं म्हणून एकटीसाठी दोन-दोन भाज्या करू लागले.

मग तलावाजवळ टॉवर उभा राहिला. घरोघरी रेंज आली. शेजारच्या सुनेने कुंपणावरूनच सांगितलं, "आता तुमाले तरास नाही, काकू."

"हो माय, बरं झालं," म्हटलं, आणि आत येऊन रडले.

आता तिच्या अंगणातून आईशी चाललेलं बोलणं ऐकू येतं. माझी आठवण निघते का, म्हणून कान देऊन बसते. निघत नाही.

तरी दिवेलागणीला मी हॉटस्पॉट चालू करते. टॉवर बिघडला, कोणी आलीच, तर नेट नाही म्हणून परत जायला नको. पण त्या लॅपटॉपला एक खोड आहे. कोणाचाच फोन जोडलेला नसला की थोड्या वेळाने हॉटस्पॉट आपला आपणच बंद होतो. म्हणून मी माझाच फोन त्याला जोडून ठेवते. मग पडद्यावर दिसतं, एक फोन जोडलेला आहे.

परवा पोराचा फोन आला. "आई, ते तारेचं नेट काढून टाकू आता. टॉवर झाला ना. वापरतं तरी कोण?"

मी पडद्याकडे पाहिलं. "आहे एक बाई," म्हटलं. "रोज असते."

"बरं, मग राहू दे," म्हणाला आणि फोन ठेवला. कोण बाई, ते काही त्याने विचारलं नाही.