दसऱ्याला न धुतलेली सायकल

माझ्या गुडघ्यातून आवाज येतो, असं आमच्या घरात एकमतानं ठरलं होतं. आमच्याकडे एकमत क्वचित होतं, त्यामुळे काही दिवस मीही ते मानलं.

झालं असं. दर जानेवारीत आमच्या सोसायटीतले सात-आठ सायकलवाले भाईंदरजवळच्या पेणकरपाड्यातून निघतात आणि मुर्धा, राई, मोरवा ही गावं करत उत्तनच्या डोंगरावर जातात. त्यात मी एकटीच बाई आणि वयानं सगळ्यांत मोठी. सायकल मुलाची. तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याची माउंटन बाइक गॅलरीत कपडे वाळत घालायच्या कामी आली. त्याच सुमारास डॉक्टरांनी मला सांगितलं, गुडघे राखायचे असतील तर चालणं कमी करा, सायकल चालवा. मी टॉवेल काढले आणि सायकल खाली नेली. जाड टायरची सायकल शहरात कशाला, असं विचारणाऱ्यांनी आमच्याकडचे रस्ते पाहिलेले नसतात.

तर गेल्या वर्षी जानेवारीत डोंगराच्या खड्या चढावर पायडलला जोर दिला की खालून कट्, कट् असा आवाज यायला लागला. पायडलचा एक फेरा, एक कट्. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, जोर देताना गुडघा वाजला तर सायकल बंद. मी घाबरले आणि अर्ध्यातून उतरले. बाकीचे वर गेले आणि मी सायकल हातात धरून एकटी खाली आले. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

महिन्याभरानं नवऱ्यानं निकाल दिला, "आता पुरे. सायकल भाच्याला देऊन टाकू."

मी तीस वर्षं एका कंपनीच्या परचेस खात्यात काढली आहेत. समोरचा 'पुरे' म्हणाला की तिथून माझं काम सुरू व्हायचं. मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, जरा तुम्ही चालवा बघू. पार्किंगच्या रॅम्पवरून वर या."

तो कुरकुरत बसला आणि रॅम्प चढायला लागला. कट्, कट्, कट्.

"तुमच्याही गुडघ्याचं दिसतंय," मी म्हटलं.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार होता. महिनाभर मी गुडघ्याला तेल चोळत होते आणि दुखणं सायकलला होतं. दोन्ही पायडल ज्या एक्सलनं जोडलेले असतात, तो फ्रेमच्या पोटातल्या एका नळीत बेअरिंगवर फिरतो. त्या सगळ्या जोडणीला इंग्रजीत बॉटम ब्रॅकेट म्हणतात, आपल्या दुकानांतून बीबी. बीबी गेला की पायडल वाजतात, मग डुलतात आणि शेवटी ऐन चढावर दगा देतात.

नवरा भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात मेंटेनन्सला होता. हत्यारं घरात होतीच, नव्हतं ते आणलं. पार्किंगमध्ये सायकल उलटी केली आणि त्यानं चेनच्या बाजूचा कप, म्हणजे बेअरिंग नळीत धरून ठेवणारं आट्यांचं झाकण, सोडवायला घेतला. तोंड लाल झालं, कप हलेना. मी मोबाईलवर वाचून ठेवलं होतं की त्या एका बाजूचे आटे उलटे असतात. सांगितल्यावर आधी त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पाना उलटा फिरवला. कप सुटला. सायकल सरळ केल्याबरोबर नळीतून गंजकं, चहाच्या रंगाचं पाणी फरशीवर आलं. चांगलं कपभर असेल.

"पावसाचं असणार," नवरा म्हणाला.

"पावसात मी सायकल बाहेर काढतच नाही."

"मग कुठून आलं?"

मला ते कळलं होतं. दर वर्षी आवाज दिवाळीनंतरच सुरू व्हायचा. त्याच्या आदल्या वर्षीही झाला होता. तेव्हा दुकानदारानं नवा बीबी घालून दिला आणि आम्ही विसरून गेलो. दिवाळीच्या आधी येतो दसरा, आणि दसऱ्याला आमच्या सोसायटीत गाड्या धुतात. पण बादलीनं नाही. एका शेजाऱ्याकडे गाड्या धुवायचा प्रेशरचा पंप आहे आणि त्या दिवशी तो पंप माझ्या नवऱ्याच्या हातात असतो. स्कूटर, मोटरसायकली, पोरांच्या सायकली गेटपाशी रांगेनं उभ्या करायच्या आणि काळं निघेपर्यंत फवारा मारायचा. सायकलला तर चेनवर, पायडलच्या मधोमध अगदी टेकवून. ते काळं म्हणजे आतलं ग्रीस. ते उडवून तिथे पाणी भरायचं आणि वर हळद-कुंकू लावून झेंडूचा हार घालायचा.

मी हे बोलून दाखवलं तर नवरा दुखावला. "धुतल्यानं कधी कुठली वस्तू बिघडते का? उगाच सणाला नावं ठेवू नकोस. नवीन टाकायचा तर टाक. पण पुढच्या जानेवारीत पुन्हा वाजली तर सायकल जाणार."

"वाजली तर मीच नेऊन देईन," मी म्हटलं.

आता वर्षभर टिकेल असा बीबी निवडणं आलं. तीन दिवस मी वाचत होते. केबिन रोडवर आमचा नेहमीचा सायकलवाला आहे. त्यानं पहिल्यांदा काढला तो अगदी साधा, सुट्या छऱ्यांचा, फ्रेममध्ये होता तसाच. स्वस्त खरा, पण उघडा. दर थोड्या महिन्यांनी खोलून ग्रीस भरायचं, नाहीतर पुन्हा तेच. मी मान हलवली. मग त्यानं काचेच्या कपाटातून चकचकीत डबी काढली.

"आंटी, ये लो. इम्पोर्टेड. बेअरिंग बाहर रहता है, एकदम हल्का."

"इसके साथ क्रँक भी नया लगेगा ना?"

"वो तो लगेगा."

क्रँक म्हणजे पायडलचे दांडे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. वर बेअरिंग नळीच्या बाहेर म्हणजे आमच्या रस्त्याची सगळी धूळ त्याच्या दाराशी. मी डबी परत केली. कंपनीत कुणी सप्लायर आपल्या मालाचं कौतुक करायला लागला की मी एकच विचारायची, हे बिघडलं तर नेमकं काय बिघडतं? त्यावर जो गडबडून जाईल त्याचा माल नको. तोच प्रश्न मी इथे विचारला. सायकलवाला हसला आणि आतून बंद बीबी घेऊन आला. त्यात बेअरिंग एका नळकांड्यात सीलबंद असतं. खोलायचं नाही, ग्रीस भरायचं नाही, संपलं की अख्खं बदलायचं.

तसले दोन निघाले. दिसायला जुळे भाऊ. मी नख लावून पाहिलं, एकाचा डाव्या बाजूचा कप प्लॅस्टिकचा होता.

"ये नहीं. दोनो तरफ लोहे का चाहिए. प्लॅस्टिक का आटा एक बार में घिस जाता है."

"लोहेवाला भारी है, आंटी. वजन बढ़ेगा."

"मेरा खुद का वजन देखा है? सौ ग्राम से क्या होगा?"

मापं मी घरूनच घेऊन गेले होते, नवऱ्याच्या व्हर्नियरनं मोजून. फ्रेमची नळी त्र्याहत्तर मिलिमीटर, एक्सल एकशे अठरा. एक्सल आखूड पडला तर दातेरी चाक फ्रेमला घासतं, लांब झाला तर चेन तिरकी धावते. सायकलवाल्यानं मोजून पाहिलं, बरोबर निघालं. किंमत स्वस्ताच्या दुपटीहून जास्त होती, तरी मी घासाघीस केली नाही. चांगल्या मालावर कुठे थांबायचं ते मला कळतं आणि त्याचा मला अभिमान आहे.

बसवला मीच. आट्यांना भरपूर ग्रीस लावलं, दोन्ही कप आधी हातानं फिरवले आणि मग पान्यानं आवळले. नवऱ्यानं फ्रेम धरली आणि सूचना केल्या. मी फ्रेम धरण्यापुरतीच त्याची मदत घेतली.

उन्हाळा, पावसाळा गेला. आवाजाचं नाव नाही. आणि दसरा आला.

सकाळी खाली गेले तर गेटपाशी रांग लागलेली, नवरा हाफ पँटमध्ये, हातात पंप. माझी सायकलही त्यानं आधीच रांगेत आणून ठेवली होती. मी जाऊन तिच्यापुढे उभी राहिले.

"हिला पंप लागणार नाही."

"अगं, दसरा आहे. पारोशी पुजणार का तिला?"

"पारोशी नाही. ओल्या फडक्यानं पुसणार आहे मी."

"भाभीजी, एक मिनट का काम है," पंपवाला शेजारी म्हणाला.

"एक मिनट में ही तो खराब होता है," मी म्हटलं. सगळे पाहायला लागले. दसऱ्याच्या दिवशी चारचौघांत नवऱ्याशी भांडणारी बाई म्हणून माझं नाव झालंच होतं, तेव्हा पुढचंही बोलून घेतलं. "अहो, तुमच्या कारखान्यात कुणी मोटरच्या बेअरिंगवर असा फवारा मारला असता, तर चालवून घेतलं असतंत?"

त्यानं पंप बंद केला.

"हात तोडला असता त्याचा," मग म्हणाला.

फडकं त्यानंच भिजवून, पिळून आणून दिलं. मी पायडलपासून चेनपर्यंत सगळं पुसलं, हार घातला, आपट्याची पानं ठेवली. शेजारच्या दोन पोरांनीही आपल्या सायकली हळूच रांगेतून मागे घेतल्या. पैज मात्र त्यानं मागे घेतली नाही. जानेवारीत काय होतं ते बघू, एवढंच म्हणाला.

जानेवारीत तो स्कूटर घेऊन दुसऱ्या वाटेनं डोंगरावर जाऊन थांबला. मी मोरवा सोडलं तेव्हापासून कान खालीच होते. मिठागरं गेली, गाव गेलं, कच्ची वाट लागली. गेल्या वर्षी जिथे उतरले होते तिथे मी मुद्दाम जड गिअर घेतला आणि उभी राहून जोर दिला. दगडांवर टायर घासल्याचा आवाज आणि माझी धाप, बाकी काही नाही. मी मोठ्यानं हसले. पुढचा एक तरुण दचकून मागे बघायला लागला.

वर पोचले तेव्हा नवरा गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांशी बोलत उभा होता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं.

"बाई हितवर चढली? सायकल लय चांगली हाय. कोन बघतो तिचं? तुम्ही काय?"

"नाही हो," नवरा म्हणाला. "तीच बघते. मला त्यातलं तिच्याइतकं कळत नाही."

मला नीट ऐकू आलं होतं. तरी मी हेल्मेट काढत जवळ गेले आणि विचारलं, "काय म्हणालात?"

त्यानं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.