धानाच्या गंजात उकळलेला दगड

"पॅलिटॉक्सिन," डॉक्टर म्हणाले. मी चौथीपर्यंत शिकलेली. तीनदा विचारलं तरी जीभ वळेना. मग त्यांनी साध्या भाषेत सांगितलं. समुद्रातल्या काही प्रवाळांच्या अंगात हे विष असतं. यावर उतारा नाही. ते फुप्फुसं आणि स्नायू धरतं. शरीरानं तग धरला तर माणूस वाचतो.

हे निदान कोणत्या मशिनीतून निघालं नव्हतं. ते माझ्या तोंडून निघालं, आणि दीड दिवस उशिरा निघालं. ज्यांच्या घरी समुद्राच्या पाण्याची काचपेटी असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते.

माझा मुलगा टेकचंद आठ वर्षं नागपूरला माशांच्या दुकानात कामाला होता. गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावला परत आला तो चार फुटांची काचपेटी घेऊनच. मीठ कालवून केलेलं समुद्राचं पाणी, वर निळे दिवे, वीज गेली तर इन्व्हर्टर. आत मऊ प्रवाळ, म्हणजे दगडासारखं हाड नसलेले. त्यातला एक कानासारखा पसरट, त्याला लेदर म्हणतात. तो वाढला की खालच्यांवर सावली धरतो, म्हणून छाटावा लागतो. पंप बंद करायचा, हातमोजे आणि डोळ्यांना मोठा चष्मा घालायचा, धारदार पात्यानं कडेचा तुकडा एका झटक्यात कापायचा आणि लहान खड्यावर दोऱ्यानं सैल बांधायचा. दोन-तीन आठवड्यांत तो खडा धरतो. असे तुकडे तो नागपूरला विकायचा.

मी म्हणायची, "बाप शेताच्या बांधीत धानाचा रोवणा करत होता, तू पाण्यात करून राहिला."

तो म्हणे, "माय, याले निंदणही लागते."

ते खरं होतं. बटणासारखे हिरवट-तपकिरी प्रवाळ एका दगडावर माजले होते. झोअँथिड त्यांचं नाव. ते बाकीच्यांना दाबू लागले, तेव्हा टेकचंदनं तो दगड काढून अंगणात बादलीत ठेवला. मला बजावलं, "याले हात नको लावजो. विष असते. उद्या ब्लीच टाकून गाडतो."

दगड चांगला होता, जाळीदार. गाडणं माझ्या जिवावर आलं. आमच्याकडे उकळलं की वस्तू शुद्ध झाली. बाळंतिणीचे कपडे उकळतो, पिण्याचं पाणी उकळतो. धान तर भिजवून, गंजात म्हणजे मोठ्या पातेल्यात उकडूनच मिलवर नेतो. विष असेल तर उकळून मरेल, असं मी धरलं. दुपारी धानाच्या मोठ्या गंजात दगड टाकला, वर ओला बोरा, म्हणजे पोतं, झाकलं आणि चूल पेटवली.

थंडीचे दिवस, स्वयंपाकघराचं दार लावलेलं. टेकचंदला सर्दी होती. तो चुलीजवळ शेकायला येऊन बसला.

"काय उकडून राहिली?"

"धान."

खोटं बोलले. सांगितलं असतं तर ओरडला असता, एवढंच कारण. भिजलेल्या धानाला आंबूस वास असतोच आणि त्याचं नाक बंद होतं. "इस्तवाकडे पाह जरा," म्हणून मी गुरांकडे गेले. तो तासभर त्या वाफेत बसला. परत येऊन मी गंज उतरवला आणि दगड मागच्या दारी लपवला.

दिवे लागायच्या वेळेला त्याला हुडहुडी भरली. तोंड कडू, खोकला, मांड्या दुखायला लागल्या. माझंही तोंड कडू झालं, अंग तापलं. मी म्हटलं, सर्दी उतरली छातीत. काढा दिला. सकाळी त्याला चार शब्द एका दमात बोलता येईनात. शेजाऱ्याच्या जीपनं गोंदियाला दवाखान्यात नेलं.

पहिल्या दिवशी मलेरिया पाहिला, नाही निघाला. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढरी. न्यूमोनियाची औषधं सुरू केली. सीपीके नावाची रक्ततपासणी झाली. स्नायू फुटायला लागले की तो आकडा चढतो. टेकचंदचा चढला होता आणि लघवी चहाच्या रंगाची झाली होती. डॉक्टर म्हणाले, "न्यूमोनियात असं होत नाही. आजी, घरात काही फवारलं? काही जाळलं?"

मी म्हटलं, "नाई."

टेकचंद मास्कमधून बोलला, "माय धान उकडत होती."

मग ते धानाच्या मागे लागले. धानाला कोणतं औषध मारलं, कोठीत किडीच्या गोळ्या ठेवल्या का, त्यांचा डबा घेऊन या. शेजारी जीप घेऊन गोरेगावला गेला आणि माझ्या खोट्यासाठी रिकामा डबा घेऊन आला. मी बाकावर बसून होते. गंजाचा विचार मनात आला नाही, असं म्हणणार नाही. आला होता. पण उकळल्यावर विष कसं राहील, हे मी स्वतःला सांगत राहिले. खरं तर मला भीती वाटत होती. सून देवरीला माहेरी बाळंत झाली होती. तिला काय तोंड दाखवू, हा विचार पोराच्या श्वासाच्या आधी येत होता. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी त्याला व्हेंटिलेटरवर, म्हणजे श्वास देणाऱ्या यंत्रावर घेतलं. नर्स म्हणाली, "अम्मा, बाहर बैठो." मी बसले नाही. डॉक्टरांचा हात धरला आणि सगळं सांगितलं. दगड, गंज, वाफ.

त्यांनी लगेच कुठंतरी फोन लावला, बराच वेळ बोलले. परत येऊन तो शब्द सांगितला. "उकळल्यानं हे मरत नाही. वाफेबरोबर छातीत जातं. काल सांगितलं असतं तर..." रागावले नाहीत. त्यांचे उपकार मी मानते, कारण त्या वेळी शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. नको ती औषधं बंद झाली, सूज उतरवणारी सुरू झाली. मला दुसऱ्या वॉर्डात दोन दिवस सलाईन लावलं.

सहाव्या दिवशी यंत्र काढलं. मी त्याच्या खाटेजवळ उभी राहिले.

"धान नव्हतं. तो दगड होता."

तो म्हणाला, "तू धान म्हणली होती."

"होय. खोटं बोलली."

त्यानं तोंड भिंतीकडे केलं. घरी येऊन आठ दिवस झाले तरी बोलला नाही. सून बाळाला घेऊन आली आणि तीही कामापुरतंच बोलली. स्वयंपाकघरात त्या दिवशी ती असती, बाळ असतं तर काय झालं असतं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

गंज आम्ही ब्लीच ओतून शेतात खोल गाडला, दगडासकट.

टेकचंदच्या फुप्फुसात फायब्रोसिस राहिला, म्हणजे व्रण धरून ती घट्ट झाली. डॉक्टर म्हणाले, "गेलेला भाग परत येणार नाही." पेटीवर वाकलं की त्याला दम लागतो. म्हणून छाटणी आता मी करते. मोजे घालते, चष्मा घालते, खिडक्या उघडते. कापलेला लेदर आधी आवळून मेल्यासारखा होतो, मग आठवड्यानं फुलतो. झोअँथिड आम्ही ठेवत नाही.

पात्याला हात लावला की खाटेवरून आवाज येतो. "काय करून राहिली, माय?"

"लेदरचा कान कापून राहिली."

"खरंच?"

"खरं. येऊन पाह."

तो भिंत धरत, दोनदा थांबत येतो. आणि पाहतो. सहा वर्षं झाली, एकदाही न पाहता परत गेला नाही. तो येईपर्यंत मी हात पाण्याबाहेर धरून उभी राहते.