दुबईसाठीचे अनारसे

दुबईला जायचं ठरलं त्याच दिवशी आमचे हे एक निळी फाइल घेऊन आले. तिकिटं मुलीने काढली होती. ती खराडीला नोकरी करते, आणि आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून तिच्याकडून ही भेट. पाच दिवसांची सहल, म्हणून फाइलीत पाच पानं. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले रकाने: वेळ, ठिकाण, न्यायच्या वस्तू, शेरा. त्या जगप्रसिद्ध उंच इमारतीपुढच्या शेऱ्यात त्यांनी लिहिलं होतं, 'वरून वाळूच दिसणार. पर्वतीवरून निदान ओळखीचं काहीतरी दिसतं.'

"मग जाऊ नका वर," मी म्हटलं.

"मुलीने पैसे भरलेत. आता चढणं आलं."

मला ना त्या इमारतीत रस होता, ना वाळवंटात. माझं सगळं लक्ष तिसऱ्या पानावर होतं. तिथे लिहिलं होतं, 'सायं. ६ ते ८, ताईंकडे.'

ताई ही माझी थोरली बहीण. लग्न झाल्यापासून ती दुबईतच आहे. गेली चार वर्षं आम्ही दोघी एकमेकींशी बोललेलो नाही. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाढदिवसाला फुलांचं चित्र टाकायचं, तिनेही आणि मीही, एवढाच काय तो संबंध.

चूक माझी होती. आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि तिचं सगळं मी केलं. ताई आली ती आई गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी. चौदाव्या दिवशी ती परत निघाली, तेव्हा दारात, तिच्या हातात बॅग असताना, मी म्हटलं, "पाहुण्यासारखी आलीस, तशीच चाललीस." मेहुण्यांची नोकरी नेमकी तेव्हाच डळमळीत झाली होती, हे मला माहीत होतं. माहीत असूनही बोलले. ती चप्पल घालून लिफ्टकडे गेली.

तेव्हापासून माफी मागायची म्हणून मी कितीदा तरी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. मी जन्माची हट्टी. शब्द तोंडातून निघणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून मी ठरवलं, अनारसे न्यायचे. आईच्या पद्धतीचे. ताईला ते जीव की प्राण. राहायला हॉटेल घेतलं होतं. एक संध्याकाळ तिच्याकडे जायचं, डबा हातात द्यायचा, बाकी तिचं ती समजेल.

मंडईतून गूळ आणला. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं. मग पंच्यावर पसरून दमट असतानाच दळले, चाळले, गूळ घालून गोळा करून आठ दिवस डब्यात मुरवला. तुपात सोडल्यावर अनारसा फुटून विरघळला की तो 'हसला' म्हणतात. आईचे कधी हसले नाहीत. माझे पहिले दोन हसले आणि मी रडकुंडीला आले, पण पुढचे चाळीस सुरेख जमले. एका बाजूला खसखस दाटून बसलेली, वर जाळी पडलेली. स्टीलच्या डब्यात कागद घालून थर लावले. ह्यांनी पहिल्या पानावर 'न्यायच्या वस्तू'खाली 'अनारसे, ४०' अशी नोंदही केली.

निघायला पंधरा दिवस होते. रविवारी मुलगी सामान बघायला आली आणि डबा उघडून तिने डोक्याला हात लावला.

"आई, सीरियसली? खसखस? तिकडे टोटली बॅन आहे ती. बॅगेत सापडली तर एअरपोर्टवरच अडकवतील तुम्हाला."

"अगं, खसखस आहे ती. अफू नाही."

"अफूच्याच बोंडातली ना? त्यांना हे तू समजावणार आहेस का?"

मी चमच्याने एका अनारशावरची खसखस खरवडून पाहिली. अनारशाचा भुगा झाला, खसखस जागच्या जागी. मुलगी हसायला लागली. ह्यांनी फाइल उघडून 'अनारसे' खोडलं आणि दोन अनारसे बशीत घेतले. "दुबईचं नुकसान," ते म्हणाले, "सदाशिव पेठेचा फायदा."

मला मात्र हसू आलं नाही. माझ्याकडे बोलायला तेवढं एकच होतं आणि तेच आता नेता येणार नव्हतं. दुपारी दोघं बाहेर गेली. मी फोन घेतला, आणि विचार करायच्या आत लावलासुद्धा.

"हॅलो," ताई म्हणाली. आवाज अगदी आईचा.

"ताई, खसखस चालत नाही म्हणे तिकडे."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"नाही चालत," ती म्हणाली. "मी बारीक रवा लावते."

"तू अनारसे करतेस?"

"दर दिवाळीला. निम्मे हसतात. आईने तिच्या हातचं मला शिकवलंच नाही. ते तुझ्याकडे राहिलं."

आईची दोन वर्षं मी एकटीने वाहिली, असं मी आजवर मोजत आले होते. ती दोन वर्षं आई माझ्याजवळ होती, आणि ताईजवळ नव्हती, हे मला त्या क्षणापर्यंत कधी सुचलंच नव्हतं.

"ताई, तेव्हा दारात मी जे बोलले..."

"नुसतं पीठ आण," तिने मला पुढे बोलूच दिलं नाही. "तळायचं इथे. तू तळ, मी बघते. आणि हॉटेल घेतलंय म्हणे तुम्ही? कळलंय मला तुझ्या लेकीकडून."

"हो."

"रद्द कर. पाहुण्यासारखी येऊ नकोस."

माझंच वाक्य. चार वर्षं तिने ते जपून ठेवलं होतं, आणि परत दिलं ते असं. मी रडले, ते तिला ऐकू गेलं असणार. ती फोन धरून बसून राहिली.

मग मी बोटांवर दिवस मोजले. भिजायला तीन, मुरायला आठ. जमत होतं. डोळे पुसून उठले आणि तांदूळ धुवायला घेतले.