वहीतल्या रेघा आणि नऊ नंबर

माझ्या नातीला जिल्ह्याच्या टीममध्ये घेणार की नाही, हे दोन मॅचवर ठरणार होतं. त्यातल्या पहिल्या मॅचच्या आदल्या दिवशी मी तिला खेळायचं कसं ते शिकवलं. मी जन्मात फुटबॉलला पाय लावलेला नाही. एकदा बिल्डिंगच्या आवारात एक बॉल घरंगळत आलेला, तो मी हाताने उचलून दिला, एवढाच माझा अनुभव. तरी शिकवलं. आणि पोरीने ऐकलं, हे त्याहून वाईट झालं.

याची सुरुवात जावयाने केली असं मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत होते. ते अर्धंच खरं आहे. मानपाड्याची जागा सोडून मी कोलशेतला लेकीकडे राहायला आले, तेव्हापासून रविवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये फुटबॉल असतो. आदल्या रात्रीची परदेशातली मॅच सकाळी पुन्हा दाखवतात. जावई चहाचा कप पोटावर ठेवून बघतो, नात जमिनीवर पाय ताणत बघते, आणि मी कुठे बसावं ते न कळून खुर्च्या बदलत बघते.

त्या रविवारी टीव्हीवरचे लोक एका फॉरवर्डची आरती ओवाळत होते. जगातला सगळ्यात भारी म्हणे.

"आई, बघा जरा," जावई म्हणाला, "बॉल त्यांच्याकडे गेला, बाकीचे दहा जण धावतायत आणि हे साहेब चालतायत. जेवणानंतर शतपावली घालावी तसे."

"पप्पा, तो बघतोय," नात म्हणाली.

"बघायला काय, मीपण बघतोय की सोफ्यावरून. उगाच डोक्यावर चढवून ठेवलंय या पुढच्या लोकांना. गोल मारला की नाचायला पुढे, गोल खाल्ला की दोष मागच्यांचा."

"पुढचेपण डिफेन्स करतात. तुम्हाला दिसत नाही."

"नाही ना दिसत. तेच म्हणतोय."

मला हे असं हवेतलं भांडण सहन होत नाही. बोटं शिवशिवतात. मी उठले, किराणा लिहायची वही काढली आणि म्हटलं, थांबा, मोजूनच टाकू.

इथे माझ्या मोजण्याविषयी सांगायला हवं. मानपाड्याला एका औषधांच्या कारखान्यात मी पॅकिंगला होते. बत्तिसाव्या वर्षी मला सुपरवायझर केलं. त्या सुपरवायझर बाईचं, म्हणजे माझंच, ध्यान अजून डोळ्यांपुढे येतं. कडक इस्त्रीचा पांढरा कोट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल, आणि चाल अशी की कारखाना हिच्या आजोबांनी बांधलाय. बाटल्यांच्या सरकत्या बेल्टवर कामाला बायका असायच्या. मी प्रत्येकीच्या मागे दहा मिनिटं उभी राहायची आणि हात हलला की वहीत एक रेघ ओढायची. रेघा जास्त ती कामाची, रेघा कमी ती आळशी. इतकं सोपं शास्त्र जगात आपल्याआधी कुणालाच सुचलं नाही, याचं मला तेव्हा नवल वाटायचं.

तर त्याच शास्त्राने मी टीव्हीवरच्या फॉरवर्डला मोजलं. पहिल्या अर्ध्या खेळात तो मागे आला चार वेळा. त्यातल्या एका वेळी बुटाची नाडी बांधायला. जावई खूश झाला. नात पाय ताणत राहिली. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण वही हातात असली की माझा पाय घरात ठरत नाही. दोन दिवसांनी मी ती घेऊन नातीच्या सरावाला मैदानावर जाऊन बसले.

नात ठाण्याच्या मुलींच्या टीममध्ये पुढे खेळते. पाठीवर नऊ नंबर. तिची टीम आणि कल्याण-डोंबिवलीच्या मुलींची टीम, अशा दोन मॅच लागोपाठच्या दोन शनिवारी व्हायच्या होत्या, आणि दोन्हीकडच्या मिळून अठरा जणी जिल्ह्यासाठी निवडणार होते. नातीला या वर्षी जमलं नाही तर पुढच्या वर्षी वय निघून जाणार होतं. हे तिने मला एकदाच सांगितलेलं, तेही भांडी पुसताना, माझ्याकडे पाठ फिरवून. पण त्यानंतर घरात दुसरा विषय नव्हता. म्हणजे बोलत कोणीच नव्हतं, सगळे त्याच्या भोवतीने चालत होते.

सरावात त्यांच्या टीमकडून बॉल गेला तेवीस वेळा. नऊ नंबर मागे आली पाच वेळा. बाकी वेळ ती पुढे, समोरच्यांच्या मुलीपासून चार पावलांवर, कमरेवर हात ठेवून उभी. निवडणाऱ्यांना काय दिसेल? हेच दिसेल.

शुक्रवारी जेवताना मी वही ताटाशेजारी ठेवली.

"मागच्या पोरी पळून पळून अर्ध्या झाल्या, आणि तू पुढे उभी. कुणाची वाट बघतेस? रिक्षाची?"

"आजी, मॅमनी मला तिथेच राहायला सांगितलंय."

मॅम म्हणजे त्यांची कोच, तिशीची, आवाज मात्र भाजीवालीसारखा मैदानाच्या टोकाला पोचणारा.

"मॅम सांगतील गं. पण निवडणारे मॅमचं ऐकून निवडणार का, डोळ्यांनी बघून?"

तिने घास हातात धरून वहीकडे पाहिलं. मग विचारलं, "खरंच असं दिसतं? मी काहीच करत नाही असं?"

त्या वेळी कुठलीही शहाणी आजी म्हणाली असती, नाही गं बाळा, जेव तू. मी वही तिच्याकडे सरकवली.

शनिवारी नात पळाली. देवा, काय पळाली. बॉल गेला की मागे, बॉल आला की पुढे. मी पायरीवर बसून रेघा ओढत होते आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, नऊ नंबर आमची. वीस मिनिटांत माझं पान भरलं. आणि त्याच वीस मिनिटांत एक नवीच गोष्ट सुरू झाली. कल्याणच्या टीममध्ये मागे एक उंच मुलगी होती, शहाडची, कमरेपर्यंत वेणी. आमची नात मागे धावत गेली की त्या उंच मुलीच्या आसपास कोणीच उरायचं नाही. ती बॉल पायाखाली घ्यायची, मान वर करायची, निवांत बघायची, बाजारात मेथीची जुडी निवडावी तशी आपली मुलगी निवडायची आणि नेमका तिलाच बॉल द्यायची. तिने असे दिलेले दोन बॉल आमच्या गोलमध्ये गेले. नातीच्या पायात तोवर जीव उरला नव्हता. पुढे बॉल आला तेव्हा ती पोचली नाही. कोचने तिला बाहेर बसवलं. निवडणारे दोघे टोप्या घालून बसले होते, त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. दुसऱ्याने लिहिलेलं आपल्याला वाचता येत नसलं की कसं वाटतं, ते मला पहिल्यांदा कळलं.

रिक्षात ती रागावली असती तर मी परतून रागावले असते, ते मला जमतं. ती नुसती गुडघ्यावरची माती नखाने काढत राहिली.

पुढचे तीन दिवस मला घरात बसवेना. पंख्याखाली बसले की उठून गॅलरीत, गॅलरीतून किचनमध्ये. लेक म्हणाली, "आई, तुला काय हवंय?" मला काय हवंय ते सांगता येत नव्हतं. बुधवारी मी चपला घातल्या आणि मैदानावर जाऊन कोचला म्हटलं, "शनिवारी ती जे खेळली ते तिचं नव्हतं. ते माझं होतं." आणि वही पुढे केली.

तिने पानं उलटली. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "आजी, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी असेल तर टेम्पो आत येतो का?"

"नाही येत."

"रिक्षावाला काय करत असतो?"

"झोपलेला असतो."

"मग टेम्पो कोणी अडवला?"

तिने वही मिटून मला परत दिली.

"नऊ नंबर जिथे उभी असते ना, तिथून त्यांचा मधला रस्ता बंद होतो. त्या उंच मुलीला बॉल सरळ देता येत नाही. तो बाजूने न्यावा लागतो, तिकडे आमच्या मुली टपलेल्याच असतात. ती उभी राहते तेच तिचं काम आहे. आणि उभं राहायला पण अक्कल लागते, चार पावलं इकडे की चार तिकडे, ते सारखं ठरवावं लागतं. या शनिवारी तुम्ही तिच्याकडे बघूच नका. त्या उंच मुलीकडे बघा."

परत येताना मी चालतच आले. कारण मला एक बाई आठवली होती, आणि ती आठवली की मला बसून राहवत नाही.

कारखान्यात धुतलेल्या बाटल्या बेल्टवर यायच्या त्या तोंडाशी ती उभी असायची. माझ्याहून मोठी, पांढऱ्या साडीची, कपाळ मोकळं. उभी म्हणजे उभीच. दहा मिनिटांत हात हलायचा दोनदा, कधी एकदा. दोन रेघा. मी लाल पेनाने तिच्या नावापुढे लिहिलं, काम नाही, आणि तिला लेबलं मोजायला बसवलं. त्या आठवड्यापासून पुढे बाटल्या आडव्या पडायला लागल्या, एकमेकींत अडकायला लागल्या, झाकणं तिरकी बसायला लागली. मी साहेबांना सांगितलं, काचच खराब येतेय. शेवटपर्यंत तेच सांगितलं. साहेबांनी काच बदलून पाहिली. बाटल्या पडतच राहिल्या. ती बाई नजरेनेच तिरकी बाटली ओळखायची, एका बोटाने सरळ करायची, आणि पुढच्या बारा जणींना कळायचंही नाही की आत्ता काही व्हायचं होतं ते झालं नाही. हे मला तेव्हा कळलं नव्हतं असं आजवर मी स्वतःला सांगत आले. पण खरं सांगायचं तर महिन्याभरात कळलं होतं. मला माझी वही खोटी पाडायची नव्हती.

त्या संध्याकाळी हे सगळं मी नातीला सांगितलं. आजवर कोणालाच सांगितलेलं नव्हतं. ती ऐकत होती आणि बुटांच्या तळातली माती टूथब्रशने काढत होती.

"म्हणजे तू तेव्हापण अशीच होतीस?"

"तेव्हा जास्त होते. कोट होता ना अंगात."

ती हसली. शनिवारनंतर पहिल्यांदाच.

"मग मी काय करू आता? पळू की नको?"

"मला विचारू नकोस. मी फक्त चहा करते."

"मॅमना विचारते," ती म्हणाली. आणि थोडं थांबून, "पण आजी, पहिली मॅच तर गेली."

"गेली," मी म्हटलं आणि चहा ठेवायला उठले.

दुसऱ्या शनिवारी मी वही नेली नाही. हातांना काय करावं ते कळेना. पदराचं टोक गुंडाळलं, सोडलं. जागा तीनदा बदलली. नातीकडे बघायचं नाही, असं ठरवून त्या उंच मुलीकडे बघत बसले.

तिच्याकडे बॉल आला. मान वर. समोर आमची नऊ नंबर. ती डावीकडे सरकली, नात डावीकडे दोन पावलं. घाई नाही, पळणं नाही. उंच मुलीने मान खाली घालून बॉल मागे दिला. पुन्हा आला. मान वर, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती वैतागून बाजूच्या रेषेकडे वळली, तिकडे आमच्या दोघी धावून आल्या आणि बॉल गेला बाहेर. मी मनात मोजत होते, सवय जात नाही. पण या वेळी मोजत होते तिला किती वेळा मान खाली घालावी लागली ते. अर्ध्यावर आकडा चुकला, आणि मला चक्क बरं वाटलं.

दुसऱ्या अर्ध्यात तिचा एक वैतागलेला बॉल आमच्या एका छोट्या मुलीच्या पायात आला, आणि तिने गोल केला. सगळ्या त्या छोटीच्या अंगावर पडल्या. नऊ नंबर सगळ्यात मागून पोचली. अख्ख्या मॅचमध्ये तिचा पाय बॉलला लागला असेल दहा-बारा वेळा. टीव्हीवर दाखवली असती तर जावई म्हणाला असता, शतपावली.

टीव्हीवरच्या त्या साहेबांविषयी माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. त्याच्यासमोरच्याकडे मी हल्ली बघते. कधी कधी त्याचीही मान खाली जाते, हे खरं. कधी मात्र साहेब नुसतेच चालत असतात, आणि मग मी जावयाच्या बाजूने असते. पण लाल पेन काढत नाही.

मॅच संपल्यावर टोपीवाल्यांनी यादी मैदानावरच वाचली. पंधरा नावं झाली तरी आमचं नाही. शेजारी बसलेली लेक माझा हात दाबत होती, मी तिचा. सोळावं नाव नातीचं. मी उभी राहिले, मग उभं राहून काय करायचं ते न कळून पुन्हा बसले. शेवटचं नाव त्या उंच मुलीचं होतं.

थोड्या वेळाने ती माझ्याच पायरीवर येऊन बसली, पाण्याची बाटली अर्धी डोक्यावर ओतली, अर्धी प्यायली. मी नऊ नंबरची कोण हे तिला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "छान खेळलीस गं. ती नऊ नंबरची कशी वाटली तुला? काही करते का ती?"

तिने वेणी पिळली आणि म्हणाली, "गेल्या शनिवारी बरी होती ओ आजी, सारखी पळत होती. आज काहीच केलं नाही तिने, नुसती माझ्यासमोर उभी. डोकं आउट झालं माझं."