हसबैयात पोचलेला निवद

अन्याय झाला तो माझ्या आईवर. गेल्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेनऊ वाजता, सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी टापूतल्या आमच्या गावात, बिरोबाच्या गाभाऱ्याच्या दारात. बाबांना जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. पुजाऱ्यानं तिच्या हातातलं निवदाचं ताट बघितलं, मोकळं कपाळ बघितलं आणि हात मागं घेतला. "वैनी, तुमच्या हातचं चालत न्हाई आता. पोरीकडं द्या." मी त्याला चार शब्द सुनावले, आईच्या हातातलं ताट ओढलं आणि मीच आत दिलं. त्यानं ते मुकाट घेतलं. मला वाटलं, मी जिंकले. संध्याकाळपर्यंत निषेधाचं पत्रकही लिहून झालं. आई मात्र त्यानंतर देवळाची पायरी चढली नाही. आणि आपल्याच धनगरणीला आपल्या दारात अडवू देणाऱ्या देवाला मीही हात जोडायचे बंद केले.

बाबा लष्करात जनावरांच्या दवाखान्यात होते. एक वर्ष ते शांतिसेनेबरोबर लेबनॉनला होते. हसबैया हे तिथल्या डोंगरातलं जुनं शहर. आसपासच्या मेंढपाळांची शेरडं-मेंढरं त्यांनी तपासली होती. तिथं द्रूझ पंथाचे लोक राहतात. "माणसं आपल्यावानीच, फेट्याऐवजी पांढरी टोपी एवढंच," असं बाबा सांगायचे. तो डोंगर एकदा बघायचा, एवढीच आईची इच्छा उरली होती. तिकडं शांतता होती, तेवढ्यात मी तिला घेऊन गेले. तिनं शेंगापोळ्या करून फडक्यात बांधून घेतल्या. कुणासाठी, ते सांगितलं नाही.

जुनी दगडी गढी बघितली, जैतुनाच्या बागा बघितल्या. मग इंग्रजी जाणणाऱ्या टॅक्सीवाल्यानं खलवा दाखवला, म्हणजे द्रूझांचं प्रार्थनाघर. ना कळस, ना मूर्ती, साधी दगडी खोली. दारात पांढरी ओढणी घेतलेली एक म्हातारी उभी होती. आईनं चपला काढल्या आणि फडकं पुढं केलं. टॅक्सीवाला ओशाळून म्हणाला, बाहेरच्या माणसाला आत जाता येत नाही.

माझं डोकंच फिरलं. एवढा समुद्र ओलांडून यायचं आणि इथंही दारच? मी इंग्रजीत भाषण सुरू केलं आणि आईच्या हातातल्या फडक्याला हात घातला, "आण इकडं, मी देते."

"सोड. माजं हाय ते," आई म्हणाली. "आन् गप की जरा. बोलावल्याबिगर कुनाच्या माजघरात शिरतो व्हय आपुन?"

म्हातारी आत गेली. मला वाटलं, संपलं. पण ती किटली घेऊन बाहेर आली आणि आईला पायरीवर बसवून तिच्या शेजारी मांडी घालून बसली. त्यांच्याकडं माते नावाचा कडू पाला गरम पाण्यात भिजवून पितात. एक छोटा भोपळा, त्यात एक धातूची नळी, आणि तीच नळी सगळ्यांनी तोंडाला लावायची. मी समतेवर व्याख्यानं देणारी, पण दुसऱ्याचं उष्टं म्हटल्यावर हात अडला. मग आपण तांब्यानं पितो तसा भोपळा वर धरून मी घोट ओतला. सगळा पाला गळ्यावरून सदऱ्यात. म्हातारी पोट धरून हसली. आईनं म्हातारीनं दिलेल्या लिंबाच्या सालीनं नळी पुसून बिनधास्त तोंडाला लावली. "शिक आईकडनं," असं म्हातारीनं टॅक्सीवाल्याकरवी मला सांगितलं.

टॅक्सीवाल्यानं सांगितलं, यांच्यात माणूस गेला की लगेच दुसऱ्या घरी जन्म घेतो. ते ऐकून आई म्हणाली, "म्हंजे आमचं धनी आता पाळण्यात आसतील. दुधासाठी घर डोक्यावर घेत." हे मी इंग्रजीत आणि टॅक्सीवाल्यानं अरबीत सांगितल्यावर म्हातारीनं आईच्या गुडघ्यावर थाप मारली. तिचाही नवरा गेलेला होता. मग तिनं फडक्याकडं बोट केलं. आईनं आपल्या हातानं पोळी तिच्या हातात ठेवली. म्हातारीनं तुकडा मोडून खाल्ला, उरलेल्या पोळ्या ओढणीत धरल्या, आत गेली आणि दार लावलं.

त्या बंद दाराला आईनं हात जोडले. "पोचला निवद," ती म्हणाली.

याला चमत्कार म्हणा, नका म्हणू, मी वाद घालणार नाही. त्या पायरीवर मला एवढंच कळलं, की त्या सकाळी आईच्या आणि देवाच्या मध्ये दोन हात आले होते. एक पुजाऱ्याचा. दुसरा माझा. आपला हात काढून घेणं, यालाच शरण जाणं म्हणत असावेत. ते मला एका परक्या बाईनं, कडू पाला पाजून शिकवलं. तिचं नावसुद्धा विचारायचं राहिलं. तिचे उपकार आहेत.

आता तुम्ही. तुमच्या गावच्या यात्रेत विधवेचं ताट मागं फिरत असेल, तर ते तिच्या हातातून घेऊन तुम्ही आत देऊ नका. ते तिच्याच हातात राहू द्या, आणि तिच्या हातचं घेतलं जाईपर्यंत दारातून हलू नका.